देवापुढची गोळी

मैत्रिणींनो, आज माझं खोटं उघडं पडलं.

सासूबाई माळकरी, मटणाच्या भांड्यालाही शिवत नाहीत. थायरॉईडची ग्रंथी मंदावल्यानं त्या सुजल्या होत्या, उन्हाळ्यातही घोंगडी घ्यायच्या. विलायती गोळ्यांनी पुन्हा हिंडू लागल्या. रोज गोळी आधी देवापुढे ठेवतात, मगच घेतात.

ती गोळी मेंढराच्या ग्रंथीपासून करतात, हे मी लपवलं होतं. आज नगरच्या दवाखान्यात कंपाउंडर त्यांच्यासमोरच बोलून गेला.

टांग्यानं घरी आलो. सकाळी घाईत राहिलेली गोळी देवापुढेच होती. ती उचलून चुलीकडे गेल्या. मला वाटलं, आता जाळतात. त्यांनी माळ मुठीत धरली आणि गोळी गिळली.

"उद्यापास्नं हितंच, चुलीपाशी ठेव. देवाला सांगू नगंस."

आता आम्ही दोघी देवापासून लपवतोय. तुम्ही काय केलं असतं?