निवेदकाला सगळं दिसतं

कबड्डीच्या सामन्यांचं निवेदन मी अठरा-वीस वर्षांपासून करतो. आठवीत होतो तेव्हा आमच्या क्रीडाशिक्षकांचा घसा ऐन सामन्यात बसला आणि त्यांनी माईक माझ्या हातात दिला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. चारचौघांत तोंड उघडायची भीती त्या दिवशी गेली ती गेलीच. पुढे बी.ए. झालो, बी.एड. झालो, कुंभार पिंपळगावला शाळेत मराठी शिकवायला लागलो. त्या सरांचे उपकार मी विसरलेलो नाही, म्हणून निवेदनाला कुणी बोलावलं तर सहसा नाही म्हणत नाही.

मागच्या हिवाळ्यात आष्टीहून भाचीचा फोन आला. तिथल्या मंगल कार्यालयात मोबाईलवरच्या खेळाची स्पर्धा होती आणि तिला निवेदक म्हणून मी हवा होतो. मी म्हणालो की मला त्या खेळातलं काही कळत नाही. ती म्हणाली, "मामा, तुम्हाला बोलणं येतं. खेळ मी शिकवते."

भाची बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या तीन मैत्रिणी आणि ती असा चौघींचा संघ होता आणि वर्षभर त्या रोज संध्याकाळी आपापल्या घरी बसून एकत्र खेळत होत्या. या स्पर्धेतले पहिले दोन संघ जालन्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत जाणार होते. दाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला एवढं एक वर्ष दिलं होतं. पुढच्या वर्षीपासून फोन फक्त स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला, असं घरात ठरलं होतं आणि तिनंही ते कबूल केलं होतं. तेव्हा जालना यंदा गाठलं तर गाठलं. तिची आई माझी मोठी बहीण. मला शाळेत ठेवायचं म्हणून ती सातवीनंतर कापूस वेचायला गेली. तिच्या लेकीनं माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

पुढचे आठ दिवस शाळा सुटली की मी वही घेऊन बसायचो आणि भाची फोनवरून शिकवायची. खेळ समजायला अवघड नव्हता. चौघांचा एक स्क्वॉड, असे सोळा स्क्वॉड विमानातून एका बेटावर उतरतात, घराघरांतून बंदुका, औषधं गोळा करतात आणि एकमेकांना बाद करतात. मैदान गोल असतं आणि ते हळूहळू आवळत जातं, त्याला झोन म्हणायचं. शेवटी उरतो तो जिंकला. अवघड होते ते शब्द. गोळी लागून खेळाडू खाली बसला तर तो नॉक झाला, पण मेला नाही. सोबत्यानं जवळ येऊन त्याला उठवलं तर रिव्हाइव्ह. एका जागी दबा धरून बसून राहतो तो कॅम्पर, आणि हा शब्द कौतुकाचा नाही. नवख्याला नूब म्हणतात. दोन संघ लढत असताना तिसऱ्यानं येऊन दोघांनाही मारलं तर थर्ड पार्टी. यावर मी म्हणालो की याला आपल्याकडे दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात. ती हसली आणि म्हणाली, माईकवर असंच सांगा, म्हाताऱ्यांना कळंल.

ते म्हातारे हेच निवेदक बोलावण्याचं कारण होतं. स्पर्धा भरवणारा आष्टीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. पोरं दिवसभर फोनमध्ये तोंड घालून काय करतात ते आई-बापांनी एकदा डोळ्यांनी बघावं, असं त्याच्या मनात होतं. लग्नात लावतात तो मोठा पडदा त्यानं लावला, पुढे खुर्च्या मांडल्या आणि लोकांना शेवटच्या सामन्याला दुपारी बोलावलं. सकाळच्या फेऱ्या नुसत्याच झाल्या, निवेदनाशिवाय. त्यामुळे पुढे जे झालं तसं होऊ शकतं हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुपारपर्यंत खुर्च्या भरल्या. दाजी बाजाराची पिशवी पायाशी ठेवून दुसऱ्या रांगेत बसले होते. खेळाडू पडद्याकडे पाठ करून लांब टेबलांवर बसले होते, कानात इअरफोन. पडद्यावर संयोजकाच्या लॅपटॉपवरून एकेका खेळाडूचा खेळ दिसत होता, आणि वरून बघितल्यासारखं सगळं बेटही दिसत होतं.

मी सुरुवात केली आणि दहा मिनिटांत लोक माझ्या हातात आले. हे मला कळतं, इतक्या वर्षांची सवय आहे. नॉक झालेल्याला मी पाठ न टेकलेला पैलवान म्हणालो. कॅम्परला मी निदानरेषेपाशी वेळ काढणारा चढाईपटू म्हणालो तेव्हा एक म्हातारबा मांडीवर थाप मारून हसले. ते तरुणपणी तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळलेले होते. मग भाचीचा संघ पडद्यावर आला. निवेदकानं कुणाची बाजू घ्यायची नसते आणि मी ती घेतलीही नाही. पण आवाज थोडा चढला असेल. मी सांगितलं की या आष्टीच्या चार मुली, नदीच्या अलीकडच्या लाल छपराच्या गोदामात थांबल्या आहेत, दोघी खाली, दोघी वर, आणि कुणाला पत्ता नाही. कबड्डीत असंच बोलतात. कोपरारक्षक कुठं सरकला, साखळी कुठं धरली, सगळं सांगायचं, न दिसणाऱ्यालाही मैदान दिसलं पाहिजे.

दोन मिनिटांत गोदामाच्या दोन्ही दारांतून परतूरच्या मुलांचा संघ आत शिरला. चौघी बाद. सोळा संघांत नववा नंबर. लोक हळहळले. मी वाक्य पूर्ण करून पुढच्या लढतीकडे वळलो. परतूरचाच संघ पहिला आला.

सामना संपल्यावर पाणी प्यायला स्टेजवरून खाली उतरलो तर त्या संघाचा कॅप्टन समोर आला आणि हसत म्हणाला, "सर, आभारी हाव बरं का. असं रडार विकत बी मिळत न्हाई."

मला वाटलं कौतुक आहे. भाचीकडे बघितलं तर ती मान खाली घालून इअरफोनची वायर गुंडाळत होती. तिला विचारलं की हा पोरगा काय म्हणतोय. तिनं वर न बघता सांगितलं की कानात इअरफोन असला तरी कार्यालयातले एवढे मोठे स्पीकर ऐकू येतातच. मैदानाबाहेरून सगळं दिसणाऱ्यानं आतल्याला जागा सांगायची याला घोस्टिंग म्हणतात आणि ते सगळ्यात वाईट समजतात. त्यासाठी खेळाडूचं खातं कायमचं बंद होतं.

"हा शब्द तू मला सांगितलाच नाहीस," मी म्हणालो.

"सांगायची गरज पडंल असं वाटलं न्हाई, मामा. तुम्ही करताल असं वाटलं न्हाई."

ती रागावून बोलली नाही. तिच्या मैत्रिणी एका बाजूला जाऊन उभ्या होत्या, त्यातली एक रडत होती. मी तिथून सरळ संयोजकाकडे गेलो. त्याच्या नियमांच्या कागदात निवेदकाबद्दल काही नव्हतं. तो म्हणाला, सर, जाऊ द्या, निकाल लागला. मी विचारलं की नियमात नसलं तरी चूक चूक आहे ना. तो म्हणाला की पुन्हा खेळवायचं तर जिंकलेला संघ तयार पाहिजे, आणि ते कशाला तयार होतील.

मग मी माईकवर गेलो. वाक्यं जुळवली नव्हती, जे झालं ते सांगितलं. कबड्डीत सगळ्यांना सगळं दिसतं, या खेळात लपणं हाच खेळ आहे, आणि मी एका संघाची जागा बोलून दाखवली. तो संघ माझ्या भाचीचा होता हेही सांगितलं, नाहीतर कुणीतरी नंतर सांगितलं असतं. कुणी मागून ओरडलं की भाची हरली म्हणून मामा डाव मोडायला निघाला. ते मला लागलं, पण त्याचं म्हणणं चुकीचं आहे असंही म्हणता येईना. बाकी कुणाचा संघ असता तर मी एवढ्या घाईनं गेलो असतो का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

बोलले ते कबड्डीवाले म्हातारबा. बसल्या जागेवरूनच म्हणाले, "बाहेरच्यानं खेळात हात घातला तर तो डाव धरत न्हाईत. आमच्या टायमाला बी न्हाई धरायचे." मग परतूरच्या कॅप्टनकडे वळून त्याला विचारलं की तुम्ही ऐकलं का नाही ते सांग.

कॅप्टननं आपल्या पोरांकडे बघितलं. "ऐकलं. खोटं कशाला बोलू. खेळू परत." आणि मला म्हणाला, "पण सर, या टायमाला आमचं बी सांगू नका."

दुसरा आलेला संघही तयार झाला आणि फोन चार्जिंगला लागले. तेवढ्या वेळात भाचीनं मला एकच गोष्ट सांगितली: झालेलं सांगायचं, चाललेलं सांगायचं नाही. कोण बाद झालं, किती संघ उरले, झोन केवढा राहिला, एवढंच.

दुसऱ्या वेळी निवेदन रटाळ झालं. मी तुकड्यातुकड्यांत बोलत होतो आणि मधल्या वेळात लोक नुसतं पडद्याकडे बघत होते. पण आता त्यांना खेळ कळत होता, माझी फार गरज उरली नव्हती. दहा संघ उरले, सहा उरले, तीन उरले. भाचीचा संघ त्या तिघांत होता. आणखी एक संघ गेला की जालना.

पाण्याच्या टाकीजवळ भाचीची एक मैत्रीण नॉक झाली. उरलेल्या दोघी झोनच्या दुसऱ्या टोकाला अडकल्या होत्या, जवळ भाचीच होती. ती दगडामागून निघाली आणि वाकून टाकीकडे पळायला लागली. टाकीच्या पलीकडे भिंत होती आणि भिंतीमागे परतूरचा एक खेळाडू आडवा पडून होता. पडद्यावर तो सगळ्या कार्यालयाला दिसत होता. तिला दिसत नव्हता. माझ्या हातात माईक होता आणि एका शब्दाचं काम होतं.

खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. दाजी उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा मी माईक बंद करून त्यांच्यापाशी पोचलो होतो.

"अगं पो..."

"दाजी, न्हाई," मी म्हणालो आणि त्यांचा दंड धरला.

"मास्तर, तो भिंतीमागं हाय."

"हाय. बसा."

ते बसले नाहीत, पण ओरडलेही नाहीत. भाची टाकीपाशी पोचली, मैत्रिणीला उठवायला लागली. उठवायला काही सेकंद लागतात, ती पट्टी पडद्यावर भरत होती. ती अर्धी भरली आणि भिंतीमागचा उठला. दोघी गेल्या. पलीकडच्या दोघी पाच मिनिटं टिकल्या, मग त्याही गेल्या. मी माईक सुरू करून सांगितलं, आष्टीचा संघ तिसरा.

टाळ्या झाल्या. सामना संपल्यावर सगळ्या संघांनी पडद्यावर जीजी लिहिलं, म्हणजे खेळ चांगला झाला. भाचीनंही लिहिलं. मग ती आमच्याकडे आली. दाजींनी पहिल्यांदा तेच विचारलं जे मी विचारणार होतो, की दगडामागंच बसली असतीस तर दुसरा नंबर आला असता, उठवायला गेलीस कशाला. ती म्हणाली, चौघींनी मिळून जायचं होतं, तिला टाकून कसं जाणार. पुढच्या वर्षाचा विषय दाजींनी काढला नाही आणि तिनंही नाही.

मग तिनं मला विचारलं, "मामा, भिंतीमागचा तुम्हाला दिसत होता का?"

"दिसत होता."

तिनं डोळे पुसले. "मंग बरं केलं. न्हाईतर जालन्याला गेल्यावर बी लोक म्हणले असते, मामानं पोचवली."

परतूरची मुलं दारापाशी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होती. त्यांच्या कॅप्टननं तिला हाक मारली. ती मैत्रिणींना घेऊन त्यांच्याशी हात मिळवायला गेली, आणि दाजी आणि मी तिची वाट बघत खुर्च्या गोळा करू लागलो.