मामांचं फिरतं घर

आमच्या थोरल्या मामांइतकं देखणं फिरतं घर उभ्या मराठवाड्यात कुणाकडं नव्हतं, आणि स्वतःच्या घरात झोपायची त्यांच्याइतकी चोरीही दुसऱ्या कुणाला नव्हती. घर म्हणजे जीपमागं ओढायचा ट्रेलर. वर ताडपत्रीचं छप्पर, आत एक खाट, एक स्टोव्ह आणि पितळी तोटीची पाण्याची टाकी. नांदेडला दारात ते उभं असलं की नवखी माणसं सर्कस कुठं उतरली म्हणून विचारीत. मामी म्हणायच्या, "घरात शिसवी पलंग हाय, अन् ह्येन्ला गाडीत निजायचंय!" मामा उत्तर देत नसत, कारण बहुतेक वेळ ते ट्रेलरखाली उताणे पडलेले असत.

या वेडाचं मूळ त्या मोठ्या दुष्काळात होतं. मामा तेव्हा ओव्हरसियर होते आणि लोह्याकडच्या एका गावात पाझर तलावाचं काम बघत होते. मुक्काम एका शेतकऱ्याच्या घरी. पहिल्याच सकाळी त्यांना बादलीभर पाणी मिळालं आणि मामांनी गाणं म्हणत, तांब्यावर तांब्या ओतत झकास अंघोळ केली. अंग पुसत बाहेर आले, तर घरची बाई मोरीच्या तोंडाशी लावलेलं घमेलं उचलून नेत होती. मामांच्या अंगावरून आलेलं ते पाणी शेळीला पाजायचं होतं. ती बादली तिनं दोन कोसांवरून डोक्यावर आणली होती. यापुढं कुणाच्या घरच्या पाण्याला हात लावायचा नाही, असं मामांनी तिथंच ठरवलं. नोकरीत ते जमलं नाही, म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते मनावर घेतलं. आपण बांधलेल्या तलावांत पाणी टिकतं का, हे बघत गावोगाव फिरायचं, पण भार कुणाला व्हायचं नाही. त्यासाठी हा सगळा खटाटोप.

माझ्यासाठी बायको पसंत करायला आमच्या घरच्यांना अर्धा दिवस लागला होता. मामांना ट्रेलर पसंत करायला दीड वर्ष लागलं. रोड-रोलरच्या मागं असतो तसला डबा त्यांनी नापास केला, कारण तो रोलरच्याच वेगाला शोभतो. ट्रॅक्टरची ट्रॉली नापास, कारण रिकामी ट्रॉली खडीवर हाडं खिळखिळी करते, भरली तरच जरा शांत चालते. "अन् मी काय ऊस हाय का?" शेवटी लष्करी लिलावातला, जीपमागं जोडायचा ट्रेलर मनात भरला. दोन चाकांना जोडणारा एकच आस, पोट जमिनीपासून चांगलं उंच, आणि चाकं जीपच्याच मापाची. "एक स्टेपनी साही चाकाला चालती," मामा मला समजावत, "वढ्यात आडकून बसल्यावर ह्येची किंमत कळती, बाबा." टाकी त्यांनी आसाच्या किंचित पुढं बसवली, कारण वजन मागं गेलं की ट्रेलर जीपलाच हलवू लागतो.

आणि निगा काय विचारता! दर दहा मैलांवर जीप थांबवून मामा उतरत आणि ट्रेलरच्या चाकाच्या मध्यावर तळहात ठेवत, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. चटका बसला की बेअरिंगला ग्रीस, मग कितीही ऊन असो. पण खरा सोहळा मुक्कामाच्या जागी. ट्रेलरच्या फळीवर वाटीभर पाणी ठेवायचं, आणि ते काठाला चारी बाजूंनी सारखं लागेपर्यंत चाकांखाली चपटे दगड सारत बसायचं. "कलत्या जागी माझा डोळा लागत न्हाई," म्हणायचे. पातळी जमली की वाटीतलं पाणी पिऊन टाकायचे. सांडणं त्यांच्या शास्त्रात नव्हतं.

एकदा रजा काढून मी त्यांच्याबरोबर इस्लापूरकडं गेलो होतो. ओढ्याकाठी तासभर खपून मामांनी पातळी जमवली, एवढ्यात गावातली एक म्हातारी येऊन उभी राहिली.

"गाडीत निजतूस व्हय रं? गाव काय वस पडलंय?"

"आजी, माझं समदं हाय बरूबर. पानी बी हाय."

"आसल. पन गावाला काय इज्जत हाय का न्हाई?" असं म्हणून तिनं फळीवरची वाटी पाण्यासकट उचलली आणि चालू लागली. "या आता वाटी न्यायला!"

आम्ही गेलो. जेवलो, तिच्या ओसरीवर झोपलो. गावं बदलत, पण हे बदलत नसे. आठ वर्षांत मामांना कुठल्याही गावानं ट्रेलरमध्ये झोपू दिलं नाही. मामाही वस्ताद. सकाळी घरातली माणसं कामाला पांगली की आपल्या टाकीतलं पाणी गुपचूप त्यांच्या रांजणात ओतून यायचे.

पुढं लातूरचा नवा जिल्हा झाला आणि नव्या कचेरीत मला कारकुनी मिळाली. दोन खोल्या, चढाची गल्ली, आणि पावसानं पुन्हा दडी मारलेली. नळ आठवड्यातून एकदा यायचा. अशाच एका उन्हाळ्यात, किल्लारीकडचा कुठलासा तलाव बघायला निघालेले मामा संध्याकाळी दारात जीप घेऊन हजर झाले. चहा झाला. मग नेहमीप्रमाणं म्हणाले, "मी आपला गाडीतच निजतो. तुमाला आडचन नको."

मी तळाशी पायलीभर पाणी उरलेल्या रांजणाकडं पाहिलं. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. आणि मी म्हणालो, "बरं मामा. तुम्हाला सोयीचं पडेल तसं."

मामांनी पायात वहाणा सरकवल्या. "हाव," म्हणाले. "बरं." मी त्यांचं ताट ट्रेलरमध्येच नेऊन दिलं, आणि त्यांचा नेम मी राखला अशी स्वतःची समजूत घातली. सकाळी उठलो तर गल्ली रिकामी होती. पडवीतला आमचा रांजण काठोकाठ भरलेला होता, शेजारची घागर भरलेली होती, धुण्याची बादलीसुद्धा. सगळी टाकी आमच्याकडं रिती करून ते पुढं गेले होते.

त्यानंतर मामा लातूरला आले नाहीत. मीही नांदेडला जाऊन येईन म्हणत राहिलो आणि गेलो तो थेट त्यांच्या दहाव्याला. ट्रेलर परसात उभा होता, चाकांना ताजं ग्रीस. मामेभाऊ सांगत होता, "बाबा समद्यान्ला सांगून राहिले होते, गाडीत येकदाच निजायला भेटलं, लातूरला, भाच्याच्या दारात. लई झ्याक झोप लागली म्हनायचे."

मी मान हलवली. माझी लाज झाकायला मामांनी ते सगळीकडं सांगितलं, हे मला तिथंच कळलं. आमची गल्ली चढाची होती. मी आत बोलावीन अशी त्यांना खात्रीच असणार, कारण त्या संध्याकाळी त्यांनी चाकांखाली एकही दगड घातला नव्हता, आणि मी बरं म्हटल्यावरही वाटी बाहेर काढली नाही.