आनंदात काठावर पास

कोरोनाच्या पहिल्या वर्षी, धान निसवण्याच्या, लोंबी बाहेर पडण्याच्या दिवसांत, माझी तपासणी पॉझिटिव्ह आली आणि मी घरातल्याच पुढच्या खोलीत चौदा दिवसांसाठी बंद झालो. खोली दहा बाय बारा. दार बंद, खिडकी अंगणाकडे. बायको निगेटिव्ह निघाली होती, म्हणून ती खिडकीच्या पलीकडे.

रोज सकाळी अकराला तालुक्याहून एका ताईंचा फोन यायचा. ताप किती, ऑक्सिजन किती, एवढं विचारून त्या ठेवून द्यायच्या. मला हे आवडायचं. पाचव्या दिवशी माझा ताप उतरला आणि त्यांनी नवा प्रश्न काढला.

"काका, मन किती आनंदी आहे? दहापैकी सांगा."

मी ताप थर्मामीटर बघून सांगतो, अंदाजे सांगत नाही. म्हणून एक मिनिट मागून घेतलं आणि विचार करून सांगितलं, "साडेतीन."

"काका, बाकीचे सगळे आठ-नऊ सांगतात."

"त्यांनी मोजलं नसेल."

मग त्यांनी नियम सांगितला. सलग तीन दिवस आकडा पाचाच्या खाली आला, तर रुग्णाला घरी ठेवत नाहीत. गाडी येते आणि केंद्रावर नेते. केंद्र म्हणजे एका वसतिगृहाचा हॉल, चाळीस खाटा, दोन संडास. घरी उदास असलेला माणूस तिथे जाऊन आनंदी होतो, हे कोणी तपासून पाहिलं होतं, कळायला मार्ग नव्हता.

पण मी गेलो तर बायको एकटी. दोन म्हशी, शिवाय निसवत्या धानाला बांधीत, म्हणजे खाचरात, पाणी धरायचं. माझी तपासणी झाल्यापासून गावातलं कोणी आमच्या अंगणात पाय ठेवत नव्हतं. तेव्हा जाणं परवडणारं नव्हतं.

शेजाऱ्याने माझं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. तो कुंपणापलीकडून ओरडला, "अजी भाऊ, आठ सांगून टाका ना! कोन पाह्यले येते?"

मला ते जमत नाही. वजनकाट्याला बोट लावण्यासारखंच ते. म्हणजे एकच मार्ग उरला: खरोखर आनंदी व्हायचं. निदान पाचापर्यंत.

साळ्याने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला होता. आरशासमोर उभं राहून दहा मिनिटं मोठ्याने हसायचं. मी घड्याळ लावून हसलो. चौथ्या मिनिटाला शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. सातव्या मिनिटाला बायको खिडकीत आली.

"अजी, ताप डोक्यात गेला का?"

दुसऱ्या निरोपात लिहिलं होतं, ज्यांच्याबद्दल कृतज्ञ आहात अशा दहा गोष्टी लिहा. मी सहापर्यंत पोचलो. सहावी गोष्ट पंखा होता. तेवढ्यात लाइन गेली. पाच उरल्या.

सहाव्या दिवशी चार सांगितले. "वाढ आहे," मी म्हणालो. ताई म्हणाल्या, "पाच पाहिजेत, काका."

संध्याकाळी बायकोने खिडकीत ताट ठेवलं. "तुमाले पाच बी नाही येऊन राहिले? लग्नाच्या दिवशी किती होते?"

इथे मी थांबायला हवं होतं. मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"सहा. पंगतीत भात कमी पडला होता."

खिडकी बाहेरून बंद झाली. सकाळी चहा आला, बोलणं आलं नाही. साडेदहाला मी मोजलं, तर दोन भरले. अर्ध्या तासात फोन येणार आणि त्याच्यामागे गाडी.

पावणेअकराला मी खिडकी वाजवली. "उघड वो. दोनच भरले."

तिने उघडली. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"येऊ द्या गाडी. मी का करू? सकाळी बोरिंगवर मले पाहून बाया आपआपले पान्याचे गुंड उचलून बाजूले झाल्या. पाच वाजतापासून म्हशी, मंग बांधीचं पानी. अन् तुमी तीन दिवसांपासून आपलेच मोजून राहिले. माहे किती हायेत, इचारलं का एकदा तरी?"

नव्हतं विचारलं. वहीत मी तीन रकाने आखले होते: ताप, ऑक्सिजन, आनंद. तिन्ही माझे.

"तुहे किती?"

तिने पदराने तोंड पुसलं आणि मोजायला माझ्याइतकाच वेळ घेतला. "तीन असतील."

फोन वाजला.

"काका, आज किती?"

"पाच. घरचे मिळून."

"म्हणजे?"

"माझे दोन, हिचे तीन."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "घरच्यांचा रकाना नाही हो इथे."

"मग नुसते पाच लिहा. बेरीज बरोबर आहे."

त्यांनी लिहिले. गाडी आली नाही.

"माहेच जास्त निंघाले," बायको खिडकीतून म्हणाली. ती हसत होती. त्या हसण्याने माझा अर्धा वाढला, पण त्या दिवशीचा आकडा देऊन झाला होता. तो अर्धा मी दुसऱ्या दिवशी धरला.