सुनंदा बोलत होती, ते मराठी नव्हतं

वॉर्डमधल्या नर्सचा फोन आला तेव्हा मी वॉटफर्डच्या ट्रेनमध्ये होते. "तुमची मैत्रीण सकाळपासून तिच्या भाषेत काहीतरी सांगतेय. येऊन आम्हाला समजावून सांगाल?" मी धावतच पोचले. स्ट्रोकनंतर सुनंदाचं इंग्रजी गेलं होतं. माझा हात घट्ट धरून ती पुन्हा पुन्हा तेच काहीतरी विचारत राहिली... आणि मला एकही शब्द कळेना. ते मराठी नव्हतं, गोंडी होतं. नर्स पेन घेऊन उभी होती. "सॉरी," मी म्हणाले, "ही माझी भाषा नाही." तिसऱ्या दिवशी सुनंदा गेली. त्याला आता सहा आठवडे झाले.

सुनंदा मडावी इथे लंडनमधल्या एका सेकंडरी स्कूलमध्ये इतिहास शिकवायची. मी पुण्याची, ती गडचिरोलीकडची. वेम्बलीच्या दुकानात अंबाडीच्या शेवटच्या जुडीवरून आमची ओळख झाली, ती पंधरा वर्षं टिकली. दरवर्षी इयर नाईनला, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना, ती कॅनडातल्या निवासी शाळांबद्दल शिकवायची. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरातून नेलं, केस कापले, नावं बदलली, स्वतःची भाषा बोललं की मारलं... आणि मग खूप वर्षांनी आलेली सरकारची माफी, समेटाचे प्रयत्न. वर्ग मन लावून ऐकायचा. गेल्या वर्षी एका मुलीने हात वर केला, "मिस, तुम्हाला हे इतकं आतलं कसं माहीत?"

त्या संध्याकाळी सुनंदा माझ्या किचनमध्ये कोट न काढताच बसली. "अगं, मी आश्रमशाळेत वाढले. सहा वर्षांची होते. सुनंदा हे नाव गुरुजींनी हजेरीत लिहिलं. गोंडी बोललं की पट्टी. इतकी वर्षं मी कॅनडाच्या आड लपून शिकवतेय."

मी बोलून गेले, "पण त्या शाळेमुळेच तू इथवर आलीस ना?"

"आले ना. तिथेच तर अडकलेय. तक्रार करायची, तर तीही त्यांनी शिकवलेल्या भाषेत... तुझ्या भाषेत."



पुढच्या आठवड्यात तिने वर्गाला सगळं सांगितलं. त्याच मुलीने विचारलं, "मिस, तुमच्या भाषेत काहीतरी बोला ना." सुनंदा घंटा होईपर्यंत तशीच उभी राहिली. नंतर मला म्हणाली, "शब्द तोंडाशी येतो गं, पण त्याच्याआधी पट्टी येते."

दर रविवारी गावाहून तिच्या भावाचा, दौलतचा फोन यायचा. तो गोंडीत बोलायचा, ती मराठीत उत्तर द्यायची. आता रविवारी तो मला फोन करतो. "ताई, पोरं ऐकायची का तिचं?" असं विचारतो. मी हो म्हणते. बोलता बोलता तो तिचं घरचं नाव घेतो, जे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मी ते म्हणून बघते आणि दर वेळी चुकते. मग दौलत न कंटाळता मला ते पुन्हा समजावून सांगतो... मराठीत.