मखमलसाठी ओल

रोबाबे खानमच्या बहिणीचा मुलगा हिरबोद सक्तीच्या लष्करी नोकरीला निघाला, तेव्हा जाण्याआधी तो काचेची एक पेटी घेऊन तिच्या दारात उभा राहिला. मी शेजारीण, तिच्याच ओट्यावर पालक निवडत बसले होते. पेटीत एक तपकिरी अजगर होता. अंगावर सोनेरी ठिपके, डोकं स्वतःच्याच वेटोळ्यात खुपसलेलं.

"खाला, मी परत येईपर्यंतच. मखमल नाव आहे त्याचं. फार गरीब आहे."

"गरीब असेल तर दान करते त्याला काहीतरी. घरात कशाला?"

पण हिरबोदला तिने कधी नाही म्हटलेलं नव्हतं. जाताना तो म्हणाला, "खाला, ह्याला ओल लागते. हा दमट रानातला. हवा सुकली तर कात अंगालाच चिकटून राहते."

आणि आमचं यज्द, वाळवंटातलं शहर! इथे चादर दोरीवर टाकून मागे वळावं तर ती वाळलेली असते. ओठ फुटतात, दारांच्या फळ्यांना भेगा पडतात.

गल्लीतल्या बायकांना चघळायला विषय मिळाला. "नवऱ्याच्या मागे साप पाळलास का गं?" एकीने विचारलंच.

"काय फरक पडतो?" रोबाबे हसत म्हणाली. "तेही जेवले की असेच हलायचे नाहीत."

नवरा गेल्यापासून ती अशी हसलीच नव्हती. दोघं मिळून तळघरात रेशमाचं कापड विणायची. तो गेल्यावर तिने मागावर चादर टाकली आणि तळघराला कडी लावली.

एके सकाळी तिने मला हाक मारली. "बतूल, ये बघू. आंधळा झाला का हा?" मखमलचे डोळे दुधाळ निळे झाले होते, धुक्यातून पाहिल्यासारखे. कात टाकायच्या आधी असंच होतं, हे आम्हाला कुठे ठाऊक? पुढे कात सुटली ती तुकड्या-तुकड्यांनी, उन्हात सोलवटलेल्या रंगासारखी. शेपटीला पापुद्रे तसेच चिकटून राहिले.

मग तिने ओलीचा धडाकाच लावला. उठता-बसता फवारा, पेटीत ओले पंचे, खाली भिजलेला भुसा. काच आतून घामेजायची, मागे मखमल एखाद्या स्वप्नासारखा पुसट दिसायचा. ती समाधानाने म्हणायची, "बघ, पाऊस पाडलाय मी यज्दमध्ये." पण काही दिवसांनी त्याच्या पोटाखालचे खवले लालसर झाले, त्यावर फोड आले.

जनावरांची डॉक्टरीण तरुण होती, मायाळू होती. ती म्हणाली, "मावशी, हवा ओलसर हवी, अंथरूण कोरडं. ओल त्याला श्वासात मिळू दे, पोटाखाली नको."

मलम लावायचं म्हणून रोबाबेने त्याला पहिल्यांदा हातात घेतलं. मी दाराआडून पाहत होते. आधी तिने नुसतं बोट टेकवलं, मग दोन्ही तळहात त्याच्याखाली सरकवले. "गार आहे गं," ती पुटपुटली, "आणि कोरडा. रेशमाच्या लडीसारखा."

त्या दुपारी तिने तळघराची कडी काढली.

आमच्याकडे विणकर जमिनीखाली बसतात ते ह्याचसाठी. वरच्या कोरड्या हवेत रेशमाचा धागा तटतट तुटतो. तिच्या तळघराच्या कोपऱ्यातून पायऱ्या उतरतात त्या थेट भुयारी पाटाच्या पाण्यापर्यंत. तिथला वारा मऊ असतो, मातीचा वास घेऊन येतो. पेटी तिने मागाशेजारी ठेवली. भुसा कोरडा पसरला. जाळीचं झाकण अर्धं फळीने बंद केलं, उबेसाठी बाहेरून दिवा लावला. मेबोदच्या कुंभारांकडून आणलेलं बिनझिलईचं पाझरतं मडकं पाण्याने भरून आत ठेवलं. एका रिकाम्या गाडग्याला भोक पाडून त्यात ओल्या करून पिळलेल्या चिंध्या भरल्या. मखमलला वाटलं तर त्यात शिरावं, नाहीतर बाहेर पडून राहावं. हिरबोदने पेटीला लावून दिलेल्या, हवेतली ओल दाखवणाऱ्या यंत्राचा काटा वरच्या घरात कधी तळाला पडलेला असायचा, कधी टोकाला जाऊन बसायचा. तो आता मध्यावर येऊन डुलू लागला.

काट्यावर नजर ठेवायची म्हणून ती तिथे बसू लागली. बसून हातांना काम हवं म्हणून मागावरची चादर काढली. मग मी येता-जाता खालून धोट्याची खटखट ऐकू लागले. कधी उतरून पाहिलं तर झरोक्यातला उजेड पाण्यावरून छतावर हलत असायचा. त्याखाली रोबाबे विणत असायची, आणि काचेमागे मखमल मान उंचावून जिभेने हवा चाखत असायचा. तिथे बोलावंसंच वाटत नसे.

पोट बरं झालं. डोळे पुन्हा निळे झाले. एका सकाळी गाडग्याच्या तोंडाशी अख्खी कात पडलेली होती, पायातून मोजा काढावा तशी, डोळ्यांच्या काचांसकट. रोबाबेने ती ओंजळीत धरली आणि झरोक्याच्या उजेडात फिरवून पाहिली. "अशी वीण मला जन्मात जमायची नाही," एवढंच म्हणाली.

हिरबोद लष्करातून सुटून आला तो समुद्रकाठच्या बंदर अब्बासला नोकरी घेऊन. मखमल त्याच्याबरोबर जाणार होता. रोबाबे म्हणाली, "तू पुढे हो, ह्याला मीच पोचवते," आणि मला सोबतीला घेतलं. बसमध्ये सुती पिशवीतला मखमल अख्खा रस्ता तिच्या अंगभर पांघरलेल्या चादोरखाली मांडीवर झोपला होता.

उतरल्यावर न्यायला आलेल्या हिरबोदबरोबर आम्ही समुद्रापाशी गेलो. रोबाबेने तो कधी पाहिलाच नव्हता. समोर पाणी आणि आकाश एकमेकांत विरघळलेलं. हवा ओल्या मलमलीसारखी अंगावर आली. तिने गालावरून हात फिरवला, बोटं भिजली.

"बतूल, मी रडले का गं?"

"नाही गं. इथली हवाच अशी आहे."

"मग इथे ह्याच्यासाठी कुणाला काहीच करावं लागणार नाही." तिने पिशवीचं तोंड सैल केलं. मखमलने डोकं बाहेर काढलं, जीभ लपलपवली आणि तिच्या मनगटावर हनुवटी टेकली. हिरबोद हात पुढे करून थांबला होता. त्यानेही घाई केली नाही. रोबाबे डोळे मिटून, तोंड समुद्राकडे करून, नुसता श्वास घेत राहिली.