चौघींची एकच खोली

बेटाचं नाव मी सांगणार नाही. जपानच्या दक्षिणेला आहे, एवढं पुरे. नाव कळलं तर त्या तिघी स्वतः फोनवर शोधतील आणि ऐनवेळी अंग काढून घेतील. मग माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी!

त्या तिघी म्हणजे माझ्या मैत्रिणी. चंदनसारला आमची बिल्डिंग एक, सकाळचं चालणं एकत्र, भाजी आणणं एकत्र. मागे एकदा आम्ही चौघी कोकणात गेलो आणि लॉजवर एकच खोली घेतली. सकाळी आंघोळ करून नाश्त्याला खाली आले तर तिघी दात काढतायत, आणि शेजारच्या टेबलावरची माणसंसुद्धा. एकीच्या फोनवर कसलीतरी घरघर चाललेली. मी विचारलं, "मिक्सर बिघडलाय का कुणाचा?" त्यावर तर हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. ती घरघर माझी होती. मी झोपेत घोरत होते आणि बयेने ते रेकॉर्ड केलं होतं.

तेवढ्यावर थांबल्या असत्या तर मी गिळलंही असतं. पण घरी पोचेपर्यंत ते बिल्डिंगच्या ग्रुपवर गेलं होतं. वॉचमन मला बघून तोंड फिरवून हसायचा. सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये विचारलं, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?" माझा नवरा आता नाही. पण इतका संसार केला, मी घोरते असं त्याने मला कधी एका शब्दाने कळू दिलं नाही. आणि या टवळ्यांनी गावभर केलं.

तेव्हापासून मी माणसांत झोपणंच सोडलं. वसईला माहेरच्या केळीच्या वाडीत लग्नाचं घर भरलेलं असलं, तरी जेवून मी रिक्षा धरायचे. लेकीकडे पुण्याला गेले की शेजारच्या खोलीत जावई, म्हणून उशीला टेकून जागी बसायचे. लेक म्हणायची, "आई, डोळे असे का गं तुझे?" सांगणार काय, कप्पाळ?

अशात तिघींचा टूरबरोबर जपानला जायचा बेत ठरला. मला सगळ्यात शेवटी सांगितलं, तेही जिन्यात उभ्या उभ्या. "अगं, आम्हाला तिघींत एक खोली मिळतेय. तुला वेगळी घ्यावी लागेल. तू घोरतेस ना, म्हणून." वेगळ्या खोलीचे टूरवाला जे मागत होता, त्यात माझी पेन्शन सपाट झाली असती. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! म्हटलं, जपानला तर मी जाणारच, आणि तुमच्या नाकावर टिच्चून जाणार.

मग रोज दुपारी फोन घेऊन बसायचे. शहरातली हॉस्टेलं स्वस्त होती, पण या तिघी जे बघणार तेच बघून माझं काय भागणार? मला असं काहीतरी हवं होतं की ऐकून त्यांच्या पोटात दुखावं. म्हणून बेट. पण बेटावर स्वस्त जागा शोधता शोधता जीव मेटाकुटीला आला. एक हॉटेल होतं, ते बड्या लोकांचं. घरगुती खोल्या होत्या, पण त्या एकट्या माणसाला द्यायला तयार नव्हते. शेवटी बंदराजवळ एक सापडलं. खाली गळ आणि जाळ्यांचं दुकान, वर हॉस्टेल. बायकांच्या खोलीत चार पलंग, प्रत्येकाला पडदा, आणि भाडं आपल्या कोकणातल्या लॉजपेक्षा कमी. आनंदाने टाळ्याच वाजवणार होते, तेवढ्यात लक्षात आलं. चार पलंग म्हणजे माझ्याशिवाय आणखी तिघी.

लपवून जायचं आणि इतक्या लांब जाऊन पुन्हा शोभा करून घ्यायची? त्यापेक्षा आधीच काय तो सोक्षमोक्ष. फोनकडून जपानीत करून घेतलं आणि पाठवलं, "मी घोरते. खूप. चालेल का?"

मालकीणबाईंचं उत्तर आलं. "इथे मासे धरायला येणारे राहतात. सगळे घोरतात. इयरप्लग काउंटरवर फुकट आहेत. या." ते वाचून मी चक्क रडले.

जहाजात ओकून ओकून हाडं खिळखिळी झाली, ते जाऊ दे. मालकीणबाईंना मी माहेरची सुकेळी दिली, आमच्या वाडीतली वाळवलेली केळी, ती त्यांनी तिथेच उभ्यानं खाल्ली. खोलीत सायकलवर फिरणारी एक मुलगी होती. मी जागंच राहायचं ठरवून पडले, पण दमलेल्या शरीरापुढे काही चालेना. डोळे उघडले तर लख्ख ऊन आणि ती मुलगी माझ्यासमोर फोन धरून उभी. म्हटलं, झालं, हिनेही रेकॉर्ड केलं! फोनवर मराठीत लिहिलं होतं, "लाटा मोठ्या आहेत. आज जहाज येणार नाही. उद्याही नाही." मग तिने कानातले इयरप्लग काढून खिशात टाकले आणि चहा हवा का, ते खुणेने विचारलं. बाकी काही नाही.

चहा पिताना मालकीणबाईंनी फोनवरूनच समजावलं, की या मोसमात असं नेहमी होतं. आलेला माणूस अडकतो. हॉटेल आणि घरगुती खोल्याही या दिवसांत बंद असतात, त्यामुळे दुसरीकडे जाता येत नाही. मी रिकाम्या बंदराकडे बघत बसले आणि माझ्या मनात जे आलं ना, अगं बाई गं! जहाज येईपर्यंत मी तिथे रोज ढाराढूर झोपले आणि उठल्यावर तोच एक विचार घोळवत राहिले.

परत आल्यावर फोटो मुद्दाम बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकले, खाली पलंगाचं भाडंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी चालायला गेलो तर टूर उरकून आलेल्या तिघींची तोंडं बघण्यासारखी. एकजण लाडात येऊन म्हणाली, "एवढं स्वस्त? आम्हालाही ने ना गं."

"नेते की. तुम्हाला नाही नेणार तर कुणाला?"

"पण तुझं ते घोरणं..."

"तिथे समुद्राचा एवढा आवाज, माझं कुठे ऐकू येतंय!"

साफ खोटं. खिडकी लावली की त्या खोलीत समुद्राचा स पण ऐकू येत नाही.

बुकिंग झालंय. मोसम तोच, मोठ्या लाटांचा. चौघींची एकच खोली. मालकीणबाईंना मी लिहिलं, "माझ्या तीन मैत्रिणी येतायत. काउंटरवरचे इयरप्लग तेवढे आत ठेवा." त्यांनी विचारलं नाही का म्हणून. उत्तर आलं, "समजले. सुकेळी आणा."

तिघी सध्या उत्साहाने बॅगा भरतायत. मी फक्त माझी उशी घेणार आहे. मला तिथे फार छान झोप लागते.