झाडीत उतरलेलं विमान

मी विमान उडवते, हे चारचौघांत सांगायची माझ्या नणंदेला लाज वाटते. मला वाटत नाही. रविवारी सकाळी स्वयंपाक उरकला की मी वरच्या खोलीत जाते, कॉम्प्युटरवरचं फडकं काढते, कानाला हेडफोन लावते आणि पुढचा तासभर मी कुणाची वहिनी नसते. खाली नवरा पेपर वाचत बसलेला असतो, मधल्या मजल्यावरच्या भाडेकरूंची अंघोळीची घाई चाललेली असते, शेजारच्या शेतात नव्या इमारतीचं काँक्रीट कालवणं सुरू असतं. मी मात्र तोवर लोहगावच्या धावपट्टीवरून वर गेलेली असते.

कॉम्प्युटर मुलाचा. तो नोकरीसाठी परदेशी गेला तेव्हा हे सगळं मागे राहिलं, विमान चालवायच्या दांड्यासकट. धूळ पुसता पुसता एकदा चालू केलं आणि पहिल्याच दिवशी हिंजवडीच्या एका काचेच्या इमारतीत घुसले. नणंद म्हणाली, "वय काय आणि चाललंय काय." मी म्हटलं, "तुम्ही या वयात मालिकेतल्या सुनेसाठी डोळे पुसता, मी कधी बोलले का?" तेव्हापासून ती या खोलीत फिरकलेली नाही. बरंच झालं.

आमचा सहा-सात जणांचा गट आहे. एकमेकांना कुणी पाहिलेलं नाही. सगळे आपापल्या घरात बसून एकाच आकाशात विमानं उडवतो आणि हेडफोनवर बोलतो. हाक मारायची ती गावाच्या नावाने. मी नेरे. सांगलीच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या सांगली. आणि सूसच्या एका सोसायटीत राहणारे निवृत्त साहेब, ते सूस, पण त्यांना सगळे काकाच म्हणतात. गट त्यांनी जमवला, नियमही त्यांचेच. ज्याचा रविवार, तो पुढे. पुढच्याने आपला मुलूख दाखवायचा, खाली काय आहे ते बोलायचं, बाकीच्यांनी मागे राहायचं. आणि पुढचा जिथे उतरेल तिथेच सगळ्यांनी उतरायचं. सगळ्यांची चाकं टेकेपर्यंत कुणी हेडफोन काढायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी एकदा आम्हाला कृष्णेच्या वाळूत उतरवलं होतं. निम्मे जण उलटेपालटे झाले, पण काकांनी कुणाला सोडलं नाही. नियम म्हणजे नियम.

माझा रविवार जवळ आला त्या दिवसांत आई माझ्याकडे होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. ती राहते मुळशीत, माले गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पदरावर आमची वाडी आहे तिथे. माझं माहेर. प्लॅस्टिकची खुर्ची ओढून ती माझ्या शेजारी बसली आणि मी तिला विमानातून फिरवलं. नेरे दिसलं. हा प्रोग्राम उपग्रहाच्या फोटोवरून अंदाजाने घरं उभी करतो, त्यामुळे आमच्या गोठ्याचा त्याने दुमजली बंगला केलाय. आई हसली. "म्हशींची चैन हाय," म्हणाली. मग पौड गेलं, माले गेलं, मी डोंगराकडे वळवलं. खाली नुसती हिरवी झाडी.

"वाडी कुटं हाय?"

"दिसत नाही, आई. झाडांखाली घरं आहेत ना, फोटोत आली नाहीत."

"दिसत न्हाई का न्हाईच?"

तिने चष्मा सारखा केला आणि गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट काढली. जमिनीचा एक एजंट वाडीवर आला होता. तिच्या ओट्यावर बसून त्याने तिलाच फोनमधला नकाशा दाखवला. आजी, हितं कायच न्हाई बघा, नुसती रिकामी जागा. आई म्हणाली, "मी इचारलं त्याला, मंग तू च्या कुणाच्या घरात बसून पितोयस?"

ती हे हसत सांगत होती, पण मला हसू आलं नाही. संतापच आला. या प्रोग्रामला गोठ्याचा बंगला करायला जमतं, आणि जिवंत माणसांच्या वाडीवर हा झाडी पसरवतो. मी तिथेच ठरवलं. माझ्या रविवारी या सगळ्यांना मी वाडी दाखवणार. मुळशीचा तलाव दाखवायचा राहिला तरी चालेल.

या प्रोग्राममध्ये आपल्या हाताने घरं मांडता येतात. व्हिडिओ बघून बघून मी ते शिकले. दुपारी भांडी झाली की आम्ही दोघी वर. मी झाडं काढली, घरांसमोरचा खळ्याचा माळ सपाट केला आणि एकेक घर ठेवत गेले. आई शेजारून हुकूम सोडायची. "आंब्याखालचं जरा वर घे, तितं पाणी शिरतंय." "आपला पत्रा निळा हाय, तांबडा कुणी सांगितला तुला?" एका म्हातारीशी तिचं कैक वर्षं बोलणं नाही. तिचं घर आलं तेव्हा आईने तोंड फिरवलं.

"तिचं न्हाई ठेवलं तर न्हाई का चालायचं?"

"आई, मग आपल्यात आणि त्या एजंटात फरक काय?"

"ठेव मंग. पर दार तिकडं कर."

दार मी खरं जिकडं आहे तिकडंच केलं. आई दिवसभर फुगून बसली, संध्याकाळी निवळली.

फाइल तयार झाली तशी मी गटावर टाकली. रविवारच्या आधी ही आपापल्या मशीनमध्ये घाला, असं लिहिलं. काकांचं उत्तर आलं, "छान, ताई. पण जादा वस्तू नकोत, मशीन अडखळतं. मुळशी म्हणजे तलाव आणि ताम्हिणी घाट. तेच दाखवा. वर तिकडे बघण्यासारखं काही नाही." माझं डोकंच फिरलं. लिहायला खूप काही सुचत होतं, त्यातलं काहीच लिहिलं नाही. फाइल गेलीय, घालतीलच, असं धरून चालले.

रविवारी आई नवं लुगडं नेसून बसली. सगळ्यांची विमानं माझ्या मागे निघाली. पाषाणची टेकडी, सूस, नेरे, पौड. हवा निवळ होती. माले आलं तसे काका म्हणाले, "नेरे, आता सरळ तलावाकडे." मी डोंगराकडे वळले.

"ज्याचा रविवार तो पुढे," मी म्हटलं.

वाडी आली. मी पंख झुकवून गोल घेतला आणि बोलायला लागले. हा निळा पत्रा आमचा. हा आंबा, त्याखाली माझ्या चुलत्यांचं घर. हा माळ, इथे भात झोडतात, आणि बाकीच्या दिवसांत पोरं खेळतात. इथून खाली करवंदीच्या जाळ्या. मी बोलतेय, आई मान डोलावतेय, आणि कानात कुणाचाच आवाज नाही. मग डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "नेरे, मला नुसती झाडं दिसतायत हो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एकानेही फाइल घातली नव्हती. आकाश आमचं एक असतं, पण जमीन ज्याच्या त्याच्या मशीनमधली. मी मूर्खासारखी रानावर बोट ठेवून घरं मोजून दाखवत होते. आईसमोर इतकं ओशाळल्यासारखं मला कधीच झालं नव्हतं.

"काय म्हणत्यात?" आईने विचारलं.

"त्यांना वाडी दिसत नाही."

"त्या एजंटावानीच म्हण की."

बास. मी इंजिनाचा जोर कमी केला आणि माळाच्या रोखाने विमान खाली सोडलं.

"नेरे, काय करताय?" काका म्हणाले. "वर घ्या. समोर झाडी आहे."

माझ्यासमोर माळ होता. चाकं टेकली, थोडी उडाली, पुन्हा टेकली, आणि विमान आईच्या ओट्याजवळ जाऊन थांबलं. बाकीच्यांना दिसलं ते एवढंच, की नेरे झाडांत शिरलं आणि गडप झालं.

"नेरे पडलं," काकांनी जाहीर केलं. "ताई, पुन्हा लोहगावहून सुरुवात करा. आम्ही तलावावर थांबतो."

इतकी वर्षं सासरी राहून, भाडेकरूंशी बोलून बोलून माझी भाषा गुळगुळीत झालीय. त्या क्षणी ती गळून पडली. "पडली न्हाई, काका. उतरलीया. म्हायेरी उतरलीया."

"अहो, पण तिथे काही नाही."

"माझ्या आईचा जन्म गेलाय हितं. ती शेजारी बसलीया माझ्या. तुमी फाइल घातली न्हाई, म्हणून वाडी न्हाई व्हय? नियम तुमचा हाय. पुढचा उतरंल तितं समद्यांनी उतरायचं. या खाली. आमी बसलोय."

वर सगळे घिरट्या घालत राहिले. मी हेडफोन काढणार नव्हते. संध्याकाळ झाली असती तरी नाही.

पहिल्यांदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांगा, कुठून वळू?" आमच्या प्रोग्राममध्ये झाडाला विमान आपटत नाही, पानांतून आरपार जातं. पण समोर झाडी भरलेली असताना दांडा पुढे लोटायला काळीज लागतं. मी त्यांना बोलत बोलत आणलं. थोडं डावीकडे, आता सोडा, आता काही बघू नका, माझं ऐका. त्यांचं विमान माझ्या माळावर आलं आणि पोटापर्यंत जमिनीत गेलं, कारण मी माळ सपाट करताना थोडा उचलला होता आणि त्यांची जमीन होती तिथेच होती.

"रुतलं की," आई म्हणाली, पण खूश झाली.

मग आईलाही ऐकू यावं म्हणून मी आवाज स्पीकरवर सोडला आणि एकामागून एक बाकीचे आले. माळावर पोटाएवढी रुतलेली विमानं उभी राहिली. वर एकटे काका राहिले. खूप वेळ ते फिरत होते. मी त्यांना या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "कुठून वळू?" मी सांगितलं. ते उतरले, अगदी आईच्या दारात.

"ताई, टेकलो," ते म्हणाले. "पण खरं सांगतो, मला अजूनही झाडंच दिसतायत."

मी काही बोलायच्या आत आईने माझ्या तोंडासमोरचा माइक आपल्याकडे ओढला.

"भाऊ, माझं बी तसंच हुतं," ती म्हणाली. "डोळं दाखवून घे. लई सोपं आपरेशन हाय."